गोळी कोणाचे ऐकते?

कलती लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, कडेला स्प्रिंगचा दांडा आणि काही गोळ्या. लहानपणी सुट्टीत बगाटेल खेळलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. गोळी नेमकी शंभराच्या घरात पडली, तर श्रेय कोणाचे? हाताचे की नशिबाचे? न्यूयॉर्क शहरात याच प्रश्नाने एका खेळावर ३४ वर्षे बंदी आणली होती.

कॅलिफोर्नियातील अलामेडा गावी पॅसिफिक पिनबॉल संग्रहालय आहे. एकदा प्रवेशशुल्क भरले, की तिथली जुनी यंत्रे स्वतः खेळून पाहता येतात. आम्ही आधी एका जुन्या, निव्वळ खिळ्यांच्या यंत्रापाशी उभे राहिलो. दांडा दर वेळी सारखाच ओढला असे आम्हाला वाटे. गोळी मात्र दर वेळी नव्या वाटेने जाई. कारण सोपे आहे. सुरुवातीचा केसाएवढा फरक प्रत्येक खिळ्यावर आपटताना वाढत जातो.

हा स्प्रिंगचा दांडा माँटेग्यू रेडग्रेव्ह यांच्या १८७१ च्या अमेरिकी पेटंटातला. पुढे १९३१ मध्ये, मंदीच्या काळात, नाणे टाकून खेळायची ‘बॅफल बॉल’सारखी यंत्रे दुकानादुकानांत पोहोचली. हा जुगारच, मुलांचे पैसे लुबाडणारा, असे महापौर ला गार्डिया यांचे मत होते. १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बंदी आली आणि जप्त यंत्रे हातोड्यांनी फोडली गेली.

मग १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात हॅरी मॅब्स यांनी सहा ‘फ्लिपर’ बसवले. बटण दाबताच तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते, लोखंडी गाभा आत खेचला जातो आणि फ्लिपरचे पाते गोळीला टोलवते. अशा यंत्रावर अर्ध्या तासात आमचे गुण वाढू लागले. खिळ्यांच्या यंत्रावर कितीही खेळलो तरी असे होत नव्हते. यंत्र बदलले होते. कायदा मात्र जुन्याच यंत्राकडे पाहत राहिला.

१९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीपुढे खेळून दाखवले. गोळी मधल्या वाटेने जाईल असे आधी सांगून त्यांनी दांडा सोडला. गोळी तिथूनच गेली आणि बंदी उठली! गंमत अशी, की तो नेम नशिबानेच लागला, असे पुढे शार्प यांनीच कबूल केले.

म्हणजे निर्णय योग्य, पण पुरावा कच्चा. एका यशावरून कौशल्य ठरत नाही. वर्गात फळीवर खिळे ठोकून पाहा. मुलांना आधी घर सांगायला लावा, मग गोळी सोडू द्या. शंभर वेळा नोंदी करा. पहिल्या पन्नासांपेक्षा पुढच्या पन्नासांत नेम अधिक लागले का? गोळी कोणाचे ऐकते, ते नोंदवहीच सांगेल.