चौथऱ्याची बाजू

पुतळा ही कला आणि चौथरा हे नुसते बांधकाम, अशी वाटणी सर्रास केली जाते. शिल्पाचे जाणकार तर म्हणतात, ज्याकडे लक्षच जात नाही तो चौथरा उत्तम. साक्षीला रोदँ ठरलेलाच. कॅलेच्या सहा नागरिकांना त्याला रस्त्यावरच्या माणसांच्या पातळीवर उभे करायचे होते, हे खरे. पण त्याच शिल्पासाठी त्याने खूप उंच बैठकीचाही विचार केला होता, हे सांगायचे मात्र राहून जाते.

न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवता पाहा. पायथ्यापासून मशालीच्या टोकापर्यंत पुतळा १५१ फूट. खालचा पाया आणि चौथरा मिळून १५४. म्हणजे निम्म्याहून अधिक उंची ‘नुसत्या बांधकामा’ची. आयफेलने रचलेला आतला लोखंडी सांगाडाही चौथऱ्याच्या दगडकामात रुतवलेल्या तुळयांना जखडलेला आहे. वाऱ्याचा जोर शेवटी हा चौथराच सोसतो.

यावर कुणी म्हणेल, हे झाले इंजिनिअरिंग. अर्थ तर पुतळ्याचाच ना? इथेच गफलत आहे. पुतळा फ्रेंच जनतेची भेट. चौथरा मात्र अमेरिकनांनी बांधायचा होता, आणि त्यासाठी धनिकांचे हात खिशाकडे जाईनात. राज्याच्या तिजोरीतून ५० हजार डॉलर देण्याचा ठराव गव्हर्नर क्लीव्हलंडने १८८४ मध्ये नाकारला. पुढच्या वर्षी पुलित्झरने आपल्या वृत्तपत्रातून हाक दिली आणि देणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापायचे कबूल केले. (वर्गणीदाराला नाव छापून आलेले आवडते, हे काही आपल्या गणेश मंडळांनीच शोधलेले नाही.) पाच महिन्यांत लाखावर डॉलर जमले. देणारे सव्वा लाखाच्या आसपास, बहुतेकांची रक्कम डॉलरहून कमी. तोवर पुतळा येऊन पेट्यांत पडून होता. चौथरा पुरा व्हायला १८८६ चा एप्रिल उजाडला.

याच निधीसाठी १८८३ मध्ये एमा लाझारसने एक सुनीत लिहिले होते. १९०३ मध्ये ते कांस्यपटावर कोरून चौथऱ्याच्या आत बसवले गेले. परागंदा माणसांना पोटाशी घेणारी माता, ही देवतेची आजची ओळख त्या सुनीताने घडवली. पुतळ्याची कल्पना मांडणारा लाबुले आणि तो घडवणारा शिल्पकार बार्थोल्डी यांच्या मनात प्रजासत्ताक होते, गुलामगिरीचा अंत होता. स्थलांतरित तिथे आले ते चौथऱ्याच्या वर्गणीपायी.