करवतीची निवड

करवतीसारख्या हत्याराविषयी नभोवाणीवरून बोलावयास एका सेवानिवृत्त शाळामास्तराने बसावे, याचे पुष्कळांस नवल वाटेल. माझ्या हातात जन्मभर खडू राहिला. करवत धरली ती मुलांच्या हस्तव्यवसायाच्या तासाला, आणि तीही बेताचीच. परंतु नारायण पेठेतील आमच्या जुन्या वाड्याचे पाडकाम ठरले, त्या वेळी एक प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना मला पुण्याच्या तीनशे वर्षांच्या सुतारकामाचा मागोवा घ्यावा लागला. तो प्रश्न व ते उत्तर आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आमच्या माजघराच्या दाराची सागवानी चौकट नव्या सदनिकेत बसवावी, अशी घरातील सर्वांची इच्छा होती. हे काम करावयास माझाच एक जुना विद्यार्थी आला. तो आता सफाईच्या सुतारकामात नाव मिळवून आहे. चौकट मापून तो म्हणाला, "गुरुजी, नव्या भिंतीतल्या मोकळ्या जागेपेक्षा ही चार इंच रुंद भरते. दोन्ही बाजूंचे कान दोन-दोन इंच छाटतो, म्हणजे बसेल. भोवती नवी पट्टी मारू. त्यासाठी मायटर करवत विकत घ्यायची म्हणतोय. साधी घेऊ की सरकती? दोन-तीन महिन्यांची कमाई जाणार आहे, तुम्हीच सांगा."

मी त्याला म्हटले, "चार दिवस थांब. तोवर चौकटीला हात लावू नकोस." कारण कापलेले लाकूड पुन्हा लांब होत नाही, एवढे ज्ञान मास्तरासही असते.

पेशवाईतील पुणे हे लाकडाचे पुणे होते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. त्याचे सागवान जुन्नरकडील रानांतून आले, दगड चिंचवडचा व चुना जेजुरीचा. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्यास आग लागली, वरचे लाकडी मजले भस्म झाले आणि दगडी जोते तेवढे मागे राहिले. यावरूनच त्या इमारतीत लाकडाचा वाटा केवढा होता हे ध्यानात येते. मोठमोठ्या वाड्यांची गोष्ट सोडली, तरी पेठांतील साध्या घरांचा सांगाडाही लाकडाचाच असे. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई आणि तिच्यावर कडीपाट, अशी ती रचना. भिंत ही त्या सांगाड्यामधील भर होय. भार वाहण्याचे मुख्य काम लाकडाचे.

हे लाकूड कापीत कसे? ओंडका उंच घोडीवर चढवावयाचा, एका माणसाने वर उभे राहावयाचे, दुसऱ्याने खाली, आणि दोघांनी मिळून आरा ओढावयाचा. खालच्याच्या डोळ्यांत भुसा, वरच्याच्या डोळ्यांपुढे रेघ. अशा रीतीने फळ्या व तुळया निघाल्या म्हणजे पुढचे काम सुताराकडे येई. त्याची हत्यारे थोडी: वाकस, पटाशी, रंधा, सामता, गुण्या आणि हातकरवत.

या हातकरवतीत एक मोठा विशेष होता. आपल्या सुताराची जुनी करवत ओढताना कापीत असे. इंग्रजी करवत ढकलताना कापते. आपला सुतार जमिनीवर बसे, लाकूड पायाने दाबून धरी आणि पाते आपल्याकडे ओढी. ओढलेले पाते ताणले जाते व सरळ राहते, म्हणून ते पातळ असले तरी चालते. ढकललेले पाते वाकू पाहते, म्हणून ते जाड तरी हवे, नाही तर त्याच्या पाठीवर धातूची पट्टी तरी हवी. जपानी सुतारही ओढूनच कापतो. या दोन रीतींमध्ये उच्चनीच काही नाही. बाकावर उभे राहून काम करणाऱ्यास एक सोयीची, जमिनीवर बसणाऱ्यास दुसरी, इतकेच.

परंतु करवतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट सांध्याची. जुन्या चौकटी आपण बारकाईने पाहिल्या, तर चारही कोपऱ्यांत कुसू आणि खाच आढळेल. उभ्या लाकडाचे कुसू आडव्या लाकडाच्या खाचेत बसविलेले, आणि आडवे लाकूड दोन्ही बाजूंस पुढे आलेले. या पुढे आलेल्या भागालाच कान म्हणतात. पंचेचाळीस अंशांत दोन्ही लाकडे तिरकी कापून जोडण्याची रीत, जिला आज सर्व कारागीर मायटर म्हणतात, ती चौकटीसारख्या भार वाहणाऱ्या कामात सहसा दिसत नाही. विश्रामबागवाड्याचे काम दुसऱ्या बाजीरावाने सुरू केले आणि ते १८०७ मध्ये पुरे झाले. १८७९ च्या आगीत त्या वाड्याची पुष्कळ हानी झाली, तरी त्याचे कोरीव लाकडी प्रवेशद्वार, सुरूदार खांब व महिरपी आजही पाहावयास मिळतात. असले नाजूक कोरीवकाम साधणाऱ्या हातांस तिरका काप जमत नव्हता, असे कोण म्हणेल? तो टाळण्यास तसेच कारण होते.

ते कारण आपल्या हवेत आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र ते आटते आणि फुगते. ओले सागवान पूर्ण वाळले म्हणजे वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आटते. पुष्कळ इतर लाकडांच्या मानाने हे प्रमाण कमी आहे, तरी ते शून्य नाही. पुण्याचा वैशाख कोरडा व श्रावण ओला. तिरक्या सांध्याचे लाकूड आटले की आतील टोकाशी फट पडते, फुगले की बाहेरील टोकाशी. शिवाय तो सांधा केवळ सरसावर आणि खिळ्यांवर उभा. कुसवाप्रमाणे एका लाकडाने दुसऱ्यास धरलेले नसते.

आमची चौकट पानशेतच्या पुरातून वाचलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, त्या वेळी मी पाळण्यात होतो. वडील सांगत की, माजघराची मातीत बांधलेली भिंत विरघळून खाली बसली. चौकट मात्र खांबाला टेकून तशीच उभी होती. पाणी ओसरल्यावर तिच्या सांध्यांत पोस्टकार्डही शिरत नव्हते, हे सांगताना त्यांचा स्वर बदलत असे.

मग मायटर हा प्रकार सर्वस्वी वाईट काय? मुळीच नाही. इंग्रजी अमलात पॅनेलचे दरवाजे, काचेच्या खिडक्या, तसबिरींच्या चौकटी आणि नक्षीच्या पट्ट्या घरोघर आल्या. पट्टीवरील गोलाई व खोबणी कोपऱ्यातून अखंड वळली पाहिजे. हे काम तिरक्या कापानेच शोभिवंत होते. त्यासाठी तीन बाजूंची लाकडी पेटी करून तिच्या भिंतींना पंचेचाळीस अंशांच्या चिरा पाडीत आणि त्या चिरांतून पाठपट्टीची करवत चालवीत. तात्पर्य, भार वाहावयाचा तेथे कुसू, शोभा आणावयाची तेथे मायटर, अशी ही वाटणी आहे.

गोल करवतीचे इंग्लंडातील पेटंट १७७७ इतके जुने आहे. तथापि तिरक्या कापाचे सुटसुटीत विद्युत्‌यंत्र हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे अपत्य. साध्या यंत्रात फिरते पाते वरून खाली येते. सरकत्या यंत्रात तेच पाते दांड्यांवरून पुढेमागेही जाते. त्याचा क्रम असा: पाते लाकडावरून अधर आपल्याकडे ओढावयाचे, खाली उतरवावयाचे आणि ढकलीत कापावयाचे. उलट, ओढताना कापू गेल्यास पाते लाकडावर चढून अंगावर येते. आपल्या जुन्या करवतीची सवय येथे घातक ठरते, हे नवशिक्याने विसरू नये.

आता निवडीचा हिशेब. दहा इंची पात्याचे साधे यंत्र सुमारे साडेपाच-सहा इंच रुंद फळी सरळ कापते; सरकते सुमारे बारा इंच. तिरका काप मात्र लांब असतो. सहा इंच रुंदीच्या फळीवर पंचेचाळीस अंशांची रेघ ओढली, तर पायथागोरसाच्या नियमाने ती साडेआठ इंच भरते. म्हणून तिरक्या कापात साध्याची मर्यादा चार इंचांच्या आसपास येते, सरकत्याची साडेआठ इंचांच्या आसपास. दाराभोवतालची तीन इंची पट्टी एवढेच काम असेल, तर साधे यंत्र पुरे. त्यात हलणारे भाग कमी, म्हणून डळमळही कमी. सरकत्यास कित्येकदा मागे दांड्यांसाठी मोकळी जागा लागते, आणि लहान खोल्यांत ती मिळत नाही. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे रुंद पाट, फडताळाच्या फळ्या नित्य कापावयाच्या असतील, तरच सरकते घ्यावे. घेताना पाते थांबलेले असता डोके पुरते पुढे ओढून हाताने आडवे हलवून पाहावे. तेथे खेळ जाणवला, तर ते यंत्र स्वस्त मिळाले तरी महागच.

अचूकपणाचे गणित तर पाचवीतील मुलासही समजेल. चौकोनी तसबिरीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात पाव अंशाची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात दोन अंश जमा होतात. तीन इंची पट्टीत ती फट सुमारे पावणेचार मिलिमीटर होते. सरळ कापाची परीक्षा सोपी आहे: फळी कापावी, एक तुकडा उलटा करून दुसऱ्यास भिडवावा आणि दोन्हींच्या कडा सरळ पट्टीला लावाव्यात. सांध्यातून उजेड दिसला, तर ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे असे समजावे.

सफाईच्या कामास साठ ते ऐंशी दातांचे पाते उत्तम. जुन्या लाकडात दडलेला खिळा कार्बाइडचा दात उडवितो. म्हणून लोहचुंबक फिरवून आधी शोध घ्यावा. यंत्रास पंधरा अँपिअरची जोडणी द्यावी. जुन्या वाड्यांतील दिव्यांच्या तारांवर ते चालवू नये. आणि लाकडाचा भुसा निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक ठरविली आहे. आऱ्याखाली उभ्या असलेल्या त्या जुन्या माणसाच्या वाट्याला जे आले, ते आजच्या कारागिराच्या वाट्याला येऊ नये; त्याने भुसा ओढणारे यंत्र आणि मुखपट्टी वापरलीच पाहिजे.

चार दिवसांनी माझा विद्यार्थी आला. मी त्याला आधी गेल्या वर्षातील कामांची यादी करावयास लावली. तीत दहा-दहा इंचांच्या फळ्या पुष्कळ निघाल्या. तेव्हा त्याने दहा इंची सरकती करवत घ्यावी असे ठरले. मग मी चौकटीकडे वळलो. म्हटले, "हे कान उगीच ठेवलेले नाहीत. खाच लाकडाच्या टोकाशी आली म्हणजे टोक फुटते. कान त्या खाचेला राखतात. ते छाटलेस, तर पुराने जे केले नाही ते आपण करू."

तो थोडा वेळ चौकटीवरून हात फिरवीत बसला. मग म्हणाला, "गुरुजी, भिंतीला अजून गिलावा व्हायचाय. दोन-दोन इंच विटा काढून देतो."

आज आमची चौकट नव्या घरात कानांसकट उभी आहे, आणि तिच्याभोवती नव्या करवतीने कापलेली पट्टी शोभते आहे. आधी लाकूड ओळखावे, मग सांधा ठरवावा आणि शेवटी करवत घ्यावी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे हातातील हत्यार कितीही चांगले असो, ते जे कापावयाचे नाही तेही कापू लागते.