संकोच आणि स्वपरीक्षा

स्तनात गाठ हातास लागली तर तरुण मुलगी प्रथम काय करते? बहुधा ती गप्प बसते. हा रोग उतारवयाचा, आपणांस कोठून होणार, ही एक समजूत. आणि घरात हा शब्द उच्चारावा कसा, हा संकोच. या मौनाचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा, असे आम्हांस वाटते.

इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिच्या स्तनात १८१० साली पॅरिस येथे कळा येऊ लागल्या. पतीने आग्रह धरला तरी शस्त्रवैद्यास दाखविण्याचे ती टाळीत राहिली. अखेर ३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्यातील प्रख्यात शस्त्रवैद्य लॅरे याने तिचा स्तन कापून काढला. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते. त्यानंतर ती १८४० पर्यंत जगली.

आपल्याकडे हा संकोच उघड बोलून दाखविला तो आनंदीबाई जोशी यांनी. पुरुष डॉक्टरांकडून उपचार करून घेण्यास स्त्रिया स्वभावतःच नाखूष असतात, म्हणून स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत सांगितले. त्या वेळी त्यांस अठरावे वर्ष चालू होते!

विसाव्या शतकात स्वपरीक्षेचा उपाय पुढे आला. आपला देह आपणच तपासावयाचा, मग लाज कोणाची? १९५० साली अमेरिकेत ती शिकविणारा बोलपटही निघाला. परंतु शांघायच्या गिरण्यांतील सुमारे २,६६,००० स्त्रियांवर १९८९ पासून चाललेल्या प्रयोगाने २००२ साली निराळेच दाखविले. परीक्षा शिकलेल्या व न शिकलेल्या स्त्रियांतील मृत्यूंचे प्रमाण सारखेच राहिले. निरुपद्रवी गाठी मात्र अधिक सापडल्या. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून प्रशिक्षित स्त्रियांकरवी दर दोन वर्षांनी तपासणी करविली. २०२१ मधील निष्कर्षानुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील मृत्यू त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी घटले; त्याहून लहान स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही.

मग तरुण मुलींनी काय करावे? दरमहा भीतीने देह चाचपीत बसण्याचे कारण नाही. त्या वयातील बहुतेक गाठी निरुपद्रवीच असतात. परंतु आपला देह एरवी कसा असतो हे ठाऊक असावे, आणि त्यात फरक दिसताच तो आईस सांगून डॉक्टरांस दाखवावा. मुलीस तसे सांगता यावे, इतका मोकळेपणा घरात ठेवणे हे आईबापांचे काम आहे.