परम (महासंगणक)

भारतात घडविलेल्या महासंगणकांची मालिका. शक्तिशाली संगणक शस्त्रास्त्रांच्या अभिकल्पासही उपयोगी पडतात, या सबबीवर अमेरिकेने एकोणीसशे ऐंशीच्या दशकात त्यांच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले होते. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीस एका क्रे यंत्राचा परवाना मिळाला खरा, परंतु अन्य कार्यासाठी ते वापरण्यास मज्जाव होता. या अडवणुकीस उत्तर म्हणून केंद्र सरकारने १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापिली व तिची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेल्या विजय भटकर यांच्याकडे सोपविली. १९९१ मध्ये सिद्ध झालेला ‘परम ८०००’ हा या मालिकेतील पहिला महासंगणक.

एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविण्याच्या मागे न लागता, ट्रान्सप्युटर नामक अनेक प्रक्रियक एकमेकांस जोडून त्यांच्याकडून एकच गणित वाटून करवून घ्यावे, ही त्यामागील योजना. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी संपर्क ठेवण्यासाठी चार मार्ग होते. हवामानाचे गणित घेतल्यास, वातावरणाचे चौकोन पाडून एकेक भाग एकेका प्रक्रियकाच्या हवाली केला जातो. दर टप्प्याला प्रत्येकाने आपल्या कडेवरील तापमान व वारा शेजाऱ्यास कळवावयाचा असतो, आणि या देवघेवीत विलंब होऊ लागला की प्रक्रियक कितीही वाढविले तरी वेग वाढत नाही. ही वाटणी करण्याची विद्या अभ्यासाने व अपयशाने अंगी बाणते. ती अवगत असलेली पिढी देशात तयार झाली, हे या उपक्रमाचे सर्वांत मोलाचे फलित मानावे लागेल.

‘परम १००००’ हे यंत्र १९९८ मध्ये आले. पुढे २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी ४,५०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि ही यंत्रे शिक्षणसंस्थांच्या आवारात पोहोचली: बनारसच्या आयआयटीत ‘परम शिवाय’, पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’. तेथील संशोधक विद्यार्थी आपल्या मेजावरूनच काम धाडतो. ते रांगेत लागते व पाळी येताच शेकडो प्रक्रियकांवर चालू होते. २०२४ मधील तीन ‘परम रुद्र’ यंत्रांपैकी एक, खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या संशोधकांसाठी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांकडून अखंड येणाऱ्या संकेतांत काही सहस्रांश सेकंदच टिकणारे रेडिओ-स्फोट हुडकणे, हे मानवी नजरेच्या आवाक्याबाहेरचे काम त्यावर होते.

लहान महाविद्यालयांसाठी ‘परम शावक’ हे मेजावर मावणारे यंत्र उपलब्ध आहे. मात्र समांतर आज्ञावली शिकविणाऱ्या अध्यापकाची निकड तेथे यंत्राइतकीच असते, आणि त्याच्या वेतनाची तजवीज यंत्राच्या किमतीबरोबर एकाच मंजुरीत व्हावयास हवी.