शिवेवरचा पहारेकरी

आमच्या हथखोजकडे, म्हणजे भिलाईत, जमिनीची मोजणी निघाली की पटवारी आधी ‘चांदा’ शोधतो. चांदा म्हणजे शिवेवरचा मोजणीचा पक्का दगड. तो कारखान्याच्या भरावाखाली गेला असेल, तर माप धरायचं कुठून? मग भाऊभाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. फौजेत हद्दी राखण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला प्रश्न पडतो: जिथे माणूस उभा नाही, तिथली हद्द पाळतं कोण?

आपल्या पूर्वजांचं यावरचं उत्तर म्हणजे गधेगळ. कोकणात शिलाहार राजे जमीन किंवा गावाचं उत्पन्न दान देत, तेव्हा हा दगड उभारत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान चालेल. मधे लेख. खाली गाढव आणि बाई: दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी. लेख वाचता येवो न येवो, चित्र सगळ्यांना कळे. बिनपगारी पहारेकरीच तो! शिवी मात्र गुन्हेगाराला सोडून त्याच्या आईला. हे मला तेव्हाच्या समाजाचं खरं माप वाटतं.

अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२चा लेख याच जातीचा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो कित्येक वर्षं रस्त्याकडेला पडून होता. परळचा ११८७चा शिलाहार अपरादित्याचा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

इंग्रजांचा शापावर भरवसा नव्हता. मिठाचा कर बुडू नये म्हणून त्यांनी जकातीची सीमा आखली. १८६९ साली ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल होती, बरीचशी काटेरी कुंपणाची, आणि राखायला जवळजवळ १२,००० माणसं. १८७९ मध्ये ती मोडली. कुंपण वाळलं, दगड राहिले.

पण दगड जागेवर असेल तरच हद्द सांगतो. संग्रहालयात तो सुरक्षित राहतो, शीव मात्र हरवते. तेव्हा गावात असा दगड दिसला, तर शेंदूर खरवडू नका, उचलून देवळात नेऊ नका. जेसीबी येण्याआधी मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या, तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा, चारही बाजूंचे फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.