लाकूडइंधन बॉयलर (घरगुती) : इंग्लंडमधील नियोजन-नियम

लाकूड जाळून घराला ऊब व गरम पाणी पुरवणारा बॉयलर राहत्या घरात बसवताना इंग्लंडमध्ये लागू होणारे जमीनवापर, बांधकाम व धूर यांविषयीचे नियम. इंधन तीन रूपांत वापरतात : फोडलेले सरपण, ढलप्या आणि भुसा दाबून केलेल्या सुमारे ६ मिमी. जाडीच्या कांड्या (पेलेट). बॉयलरचे तत्त्व आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाचेच : मधे जाळ, भोवती पाणी. मात्र बंबातले पाणी तोटीने बादलीत येते आणि संपते, तर बॉयलरचे पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत फिरते, उष्णता देते आणि पुन्हा तापायला परत येते. बंब परसात किंवा मोरीपाशी उघड्यावर पेटतो. बॉयलर दारे-खिडक्या लावून घेतलेल्या घरात पेटतो. त्यामुळे इंग्लंडमधल्या नियमांचा जवळजवळ सगळा भार धुराड्यावर आहे.

कायद्याची चौकट. घराच्या आत बॉयलर ठेवणे हा मुळात ‘विकास’च (म्हणजे नियोजन-परवानगी लागणारे काम) ठरत नाही. १९९० च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम ५५ नुसार, केवळ इमारतीच्या अंतर्भागाला स्पर्श करणारे काम या संज्ञेत येत नाही. प्रश्न उभा राहतो तो नळी भिंतीतून किंवा छपरातून बाहेर आल्यावर. घरगुती सूक्ष्मऊर्जा साधनांना एप्रिल २००८ मध्ये सवलत मिळाली. आज ती २०१५ च्या सर्वसाधारण अनुमत विकास आदेशाच्या दुसऱ्या परिशिष्टात, भाग १४, वर्ग ई म्हणून आहे. अटींत बसणाऱ्या, लाकडासारख्या जैवइंधनावरील बॉयलरच्या धुराड्यासाठी अर्ज करावा लागत नाही. साध्या धुराड्यांसाठी त्याच परिशिष्टाच्या भाग १ मध्ये वर्ग जी आहे. तो फक्त स्वतंत्र घरापुरता आहे, वर्ग ई मात्र सदनिकांच्या इमारतीलाही लागू होतो. हा फरक सदनिकाधारकांच्या दृष्टीने मोठा आहे आणि तो सहसा नजरेतून सुटतो.

धुराड्याची उंची. वर्ग ई ची मुख्य अट अशी : धुराडे छपराच्या सर्वोच्च भागापेक्षा १ मी. किंवा अधिक उंच जाता कामा नये. म्हणजे नेमके एक मीटरही चालत नाही. त्याच्या आतच राहावे लागते. उलट, बांधकाम नियमांचा मार्गदर्शक ‘दस्तऐवज जे’ उंची किमान किती हवी ते सांगतो. नळी आढ्यातून किंवा आढ्यापासून ६०० मिमी.च्या आत बाहेर पडत असेल, तर तिचे तोंड आढ्याच्या वर किमान ६०० मिमी. असावे. पाख्यावर खाली कुठे बाहेर पडत असेल, तर तोंडापासून छपरापर्यंतचे आडवे अंतर किमान २.३ मी. हवे, शिवाय नळी जिथे छपराला छेदते त्या सर्वांत वरच्या बिंदूपासून ती किमान १ मी. उंच किंवा निदान आढ्याइतकी उंच हवी.

एक नियम कमाल उंची सांगतो, दुसरा किमान. दोन्ही एकाच नळीला लागू आहेत आणि दोन्हींची तपासणी वेगळ्या टेबलांवर होते. समजा, आढे जमिनीपासून ७.८ मी.वर आहे आणि नळी आढ्यालगत निघते. बांधकाम नियमांनुसार तोंड ८.४ मी.च्या खाली नको. नियोजन आदेशानुसार ८.८ मी.ला पोहोचता कामा नये. कारागिराच्या हाती राहतात जेमतेम ४० सेंमी. आढ्यापासून दूर, ३० अंश उताराच्या पाख्यावर नळी काढली, तर २.३ मी. आडवे अंतर मिळवण्यासाठी ती कौलांच्या वर सुमारे १.३३ मी. न्यावी लागते. ४५ अंशांच्या पाख्यावर त्यासाठी पुरे २.३ मी. लागतात. उतार जितका उभा तितका लोखंडी नळीचा उघडा भाग लांब, वाऱ्याचा जोर जास्त आणि आधाराच्या पट्ट्याही जास्त. म्हणून नळी कुठून काढायची हे बॉयलर निवडण्याच्या आधी, छपराचा छेद कागदावर काढून ठरवावे. बॉयलर आधी आणि नळी नंतर, ही चूक सर्वांत महाग पडते.

गवताने शाकारलेल्या घरांची गोष्ट वेगळी आहे. तिथे ठिणगीचे भय मोठे, म्हणून तोंड छपराच्या पृष्ठभागापासून किमान १.८ मी. उंच असावे लागते. आढ्याजवळून नळी काढली की मीटरची मर्यादा ओलांडतेच, आणि रीतसर परवानगी घेण्यावाचून मार्ग उरत नाही.

नळीच्या व्यासाचेही दंडक आहेत. कोणतेही घन इंधन जाळणाऱ्या ३० किलोवॉटपर्यंतच्या बंद साधनाला १५० मिमी., त्यापुढे ५० किलोवॉटपर्यंत १७५ मिमी. बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बंधनकारक आहे. काम पुरे झाल्यावर एक छोटी टिकाऊ सूचनापट्टी कायमची लावतात, बहुधा विजेच्या फ्यूजपेटीशेजारी, धुराड्यापाशी किंवा पाण्याच्या मुख्य तोटीजवळ. नळी कुठे आहे, कोणत्या प्रकारची व किती व्यासाची आहे, तिला कोणते साधन जोडता येईल आणि ती कधी बसवली, हे तिच्यावर असते. पुढे घर विकत घेणाऱ्याला धुराड्याची ओळख पटवून देणारी ही हातभर अंतरावरची नोंद. ती रंगाखाली झाकू नये. काम हेटास या संस्थेकडे नोंदलेल्या कारागिराने केले असल्यास तोच नियमपालनाचे प्रमाणपत्र देतो. अन्यथा स्थानिक बांधकाम नियंत्रण विभागाला आधी कळवावे लागते.

जतन-क्षेत्रे व वारसा. जतन-क्षेत्रात किंवा जागतिक वारसास्थळी ‘हायवे’कडे तोंड असलेल्या भिंतीवर वा पाख्यावर धुराडे आल्यास वर्ग ई ची सवलत मिळत नाही. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘हायवे’ म्हटले की महामार्ग येतो. इंग्लिश कायद्यात मात्र जनतेला वहिवाटीचा हक्क असलेली कोणतीही वाट हायवे ठरू शकते, घरामागची पायवाटदेखील. वारसा-सूचीतील इमारतीला १९९० च्याच स्वतंत्र कायद्याखाली वेगळी संमती लागते, आणि ती आतल्या कामालाही लागू शकते. स्थानिक प्राधिकरण ‘अनुच्छेद ४’ खालील निर्देशाने एखाद्या भागापुरती सवलत काढून घेऊ शकते.

शेड व इंधनकोठी. बॉयलर किंवा इंधन बाहेर ठेवायचे असल्यास परसातील बांधकामांचे नियम (भाग १, वर्ग ई) लागतात. शेड एकमजली हवी आणि घराच्या दर्शनी भागापुढे येता कामा नये. वळचणीची उंची २.५ मी.पर्यंत आणि एकूण उंची दुपाखी छपरास ४ मी., इतर छपरांस ३ मी.पर्यंत चालते; मात्र हद्दीपासून २ मी.च्या आत शेड आली तर एकूण उंची २.५ मी.वर थांबते. मूळ घराभोवतालच्या जागेचा निम्म्याहून अधिक भाग झाकला जाऊ नये. भाग १४ चा वर्ग ई राहत्या घरावरील किंवा सदनिकांच्या इमारतीवरील धुराड्याचाच उल्लेख करतो. शेडमधून निघणाऱ्या धुराड्यासाठी कायदेशीरतेचे प्रमाणपत्र आधी घेणे श्रेयस्कर.

पेलेटची बंद कोठी धोक्याची असते. साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. युरोपात अशा कोठ्यांत शिरलेली माणसे दगावली आहेत. नियोजन आदेशात याविषयी अवाक्षर नाही. कोठीला खेळती हवा आणि दारावर इशारा असलाच पाहिजे.

धूर. डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. सध्या १९९३ चा कायदा लागू आहे. त्यानुसार घोषित धूरनियंत्रण क्षेत्रात लाकूड जाळायचे तर सूट मिळालेल्या साधनातच जाळावे लागते. २०२१ च्या पर्यावरण कायद्यानंतर अशा क्षेत्रात धुराड्यातून धूर सोडल्यास १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. १६.१२ किलोवॉटपेक्षा कमी क्षमतेचा घरगुती बॉयलर बसवण्याची सूचना या कायद्याखाली द्यावी लागत नाही. हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे ताशी ५५,००० ब्रिटिश उष्णता एककांचे जुने माप किलोवॉटमध्ये मांडलेले आहे.

हवेतील सूक्ष्मकणांत घरगुती लाकूड-ज्वलनाचा वाटा किती, याविषयीचे अंदाज वेळोवेळी बदलले आहेत. भाग १४ च्या वर्ग ई च्या अटींत धुराड्याची उंची आहे आणि त्याचे दर्शनी स्थान आहे. शेजारच्या माडीची खिडकी धुराड्याच्या तोंडापासून किती दूर आहे, याचा उल्लेख नाही. प्रस्तुत संपादकाला ही उणीव गंभीर वाटते. धुराचा त्रास झाल्यास शेजाऱ्याला १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, पण तोवर बॉयलर बसून गेलेला असतो.

इंधन. मे २०२१ पासून २ घनमीटरहून कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणातील ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा लागतो. ओल्या लाकडाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, नळी थंड राहते आणि तिच्या आत डांबरी काजळी धरते. धुराड्याला आग लागते ती याच काजळीने.

अर्ज. सवलत नसल्यास रीतसर अर्ज करावा लागतो. सोबतच्या १:१२५० प्रमाणाच्या नकाशावर अर्जाची जागा लाल रेषेने दाखवतात. निर्णयाची मुदत ८ आठवडे. घरमालकाच्या अर्जाला नकार मिळाल्यास १२ आठवड्यांत अपील करता येते. २५ एप्रिल २०२४ पासून विनापरवाना बांधकामावरील कारवाईची मुदत ४ ऐवजी १० वर्षे झाली आहे.

अनुदान. २०२२ पासूनच्या बॉयलर उन्नयन योजनेत जैवइंधन बॉयलरला ५,००० पौंड मिळतात; घर ग्रामीण भागात व गॅसवाहिनीविना असावे लागते.

स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे स्वतंत्र आदेश लागू आहेत.