इमादशाही (१४९०–१५७४)
वऱ्हाडातील सुलतानांचे घराणे. राजधानी एलिचपूर (अचलपूर). गाविलगड व नरनाळा हे मुख्य किल्ले. आजचा दर्यापूर तालुका याच राज्याच्या पयानघाटातला, म्हणजे पूर्णेच्या काळ्या जमिनीचा मुलूख.

इमादशाहीच्या संस्थापकाकडे सत्तेचा कोणताही वारसा नव्हता. हा संस्थापक फतहुल्ला मूळचा विजयनगर मुलखातला हिंदू. युद्धात कैद होऊन तो बहमनी सेवेत वाढला आणि इमाद-उल-मुल्क हा किताब मिळवून गाविल प्रांताचा तरफदार (सुभेदार) झाला. बहमनी सत्ता खिळखिळी होताच १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि पंजांत हत्ती धरलेला दुतोंडी गंडभेरुंड कोरला आहे. हा पक्षी विजयनगरच्या राजचिन्हांतही आढळतो. राजसत्ता डोळ्यांना कशी दाखवावी, याचा हा ठसठशीत नमुना आहे.

पुढे फतहुल्लाचा मुलगा अलाउद्दीन याने पाथरीसाठी अहमदनगरच्या निजामशाहीशी झुंज दिली व गुजरातच्या बहादूरशाहाची मदत मागितली. त्यानंतर दर्या इमादशाह गादीवर आला. त्याच्यामागून राजा झालेला त्याचा मुलगा बुरहान लहान असल्याने कारभार तुफालखान या मंत्र्याच्या हाती गेला. त्याने राजालाच नरनाळ्यात कैदेत टाकले. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशाहाने तुफालखानाचा पाडाव करून वऱ्हाड अहमदनगरला जोडले.